तुझा पाइपचा तुकडा सापडला

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

दिवाळीपासून पत्र नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. चूक माझी. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर आटोक्यात. आता मूळ गोष्ट, कारण ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायची नाही: शेवंती, आपली गाडी, आजारी पडली, आणि दुखणं आपल्याच हातचं निघालं.

रत्नागिरीहून येताना साखरपा सोडलं, आंबा घाट लागला आणि तिचा दमच तुटला. चेक इंजिनचा दिवा पेटला, पिकअप गायब, दोन हजार आरपीएमच्या वर काही केल्या जाईना. बाजूला घेऊन बंद-चालू केली की थोडा वेळ बरी. चढ आला की पुन्हा तेच. मागं आई देवाचं नाव घेत बसलेली. सकाळचा सेल्फही लांबला होता. पूर्वी चावी फिरवायच्या आत बोलायची, आता दहा-बारा सेकंद लागत होते.

इथल्या एका मेस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "टर्बो गेला. अठरा वर्षं झाली, आता भंगारात घाला." आप्पांची गाडी रे ती! त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे तुझं बोलणं आठवलं, आधी धूर बघ. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा; त्याच्याकडून हवा कमी आली की डिझेल नीट जळत नाही, काळा धूर निघतो. शेवंतीचा धूर साफ होता. म्हणजे हवा पुरत होती, डिझेलच पुरत नव्हतं. तरी टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप आणि टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेटची व्हॅक्युमची नळी चाचपली. शाबूत.

मग स्कॅनर लावला. नुसती उभी असताना रेलचा, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीचा, दाब २८० बारच्या आसपास, मागेल तेवढा मिळतो. चढावर कॉम्प्युटर १४०० मागतो आणि दाब ९०० वरच अडतो. मागणी पुरी झाली नाही की तो इंजिनची ताकद कापतो. घाटात तेच झालं होतं. फिल्टर बदलला, फरक शून्य. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, बाटल्या लावल्या, चारीत सारखंच डिझेल जमलं. म्हणजे इंजेक्टरही निर्दोष. मेस्त्री म्हणाला, मग पंप. खर्च ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

ट्रॅक्टरवर शिकलेला तू एकदा चालू इंजिनात नोझलचा नट ढिला करून एअर काढायला निघाला होतास, आठवतंय? मी हात धरला म्हणून दोन महिने बोलला नाहीस. आजही सांगतो, माझंच बरोबर होतं. एवढ्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते, बोट कापायची वेळ येते. या बाबतीत मी माघार घेणार नाही.

असो. पाच लिटरचा कॅन बॉनेटशेजारी टांगला आणि टाकी सोडून त्यातूनच फिल्टरला डिझेल दिलं. पहिल्या सेल्फला बोलली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंप ठणठणीत होता. दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये. टाकीची लाइन परत जोडून मध्ये पारदर्शक नळी घातली, तर बुडबुड्यांची रांगच. हिच्या टाकीत पंप नाही, पुढचाच पंप डिझेल ओढून घेतो. म्हणून नळीला चीर पडली तरी खाली थेंब पडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. आणि हवा दाबली की आक्रसते, मग दाब कुठून चढणार?

गाडीखाली शिरलो. मागच्या अॅक्सलच्या वर एक जोड दिसला. तांब्याच्या तारेचे तीन वेढे, पक्कडीनं पिळलेले, आणि पीळ उलटा. डावखुऱ्या माणसाचा. मी तसाच पडून राहिलो.

२०१३ चा पावसाळा, निपाणीच्या अलीकडं, आप्पा मागच्या सीटवर आडवे, आणि तू चिखलात उताणा. त्या तुकड्यावर आपण दवाखाना गाठला. आप्पा त्यानंतर सहा वर्षं होते.

रबर कडक होऊन तडकलं होतं. नवा डिझेलचा पाइप घातला, दोन्हीकडं क्लिप आवळल्या. तुझा तुकडा तारेसकट आप्पांच्या कपाटात ठेवलाय.

लेकीला मेडिकल मिळाल्याचं आईकडून कळलं, तिला माझे आशीर्वाद सांग. घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

आता खरं काम. बुडबुडे पुष्कळ कमी झालेत, पण थांबलेले नाहीत. अजून कुठूनतरी हवा येतेय. त्या रात्री मी बॅटरी धरली होती खरी, पण माझं सगळं लक्ष आप्पांकडं. तू पाइप एकाच ठिकाणी कापलास, की टाकीच्या वरही एक जोड मारला होतास? तिथं हात पोचत नाही, टाकीच उतरवावी लागेल. तुझं उत्तर येईपर्यंत हात लावत नाही. फोन केलास तरी चालेल, या वेळी उचलतो.

तुझाच