दात्यांच्या वहीविषयी

नागपूर,
दि. २२ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर माझे दिवस कसे जातात, असे तू विचारले आहेस. त्यांतले बरेचसे हनुमाननगरातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत तुरीच्या डाळीचे कट्टे आणि तेलाची पाकिटे मोजण्यात जातात, हे वाचून वहिनींना हसू येईल.

मेडिकल, म्हणजे इथले शासकीय वैद्यकीय रुग्णालय, आणि तुकडोजी चौकाकडचे कर्करोग रुग्णालय यांच्या आसपास गडचिरोली, गोंदियापासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतची कुटुंबे भाड्याची खोली घेऊन राहतात, कारण किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात आणि गावाहून रोज ये-जा करणे शक्य नसते. उपचार पुष्कळांचे सरकारी योजनेतून होतात. सोबतच्या माणसांची चूल मात्र ज्याची त्यालाच पेटवावी लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे, हा मोठाच आधार आहे. परंतु रेशनवर मुख्यत्वे गहू-तांदूळच येतो, आणि तोही बहुधा गावी राहिलेल्या माणसांच्या पोटी जातो. डाळ, तेल, तिखट, मीठ विकतच घ्यावे लागते. या कुटुंबांना आम्ही वाटतो ती शिध्याची पिशवी या उणिवेकडे पाहूनच भरलेली असते.

ती भरणाऱ्यांविषयीच मला तुला लिहायचे आहे. इतवारीतले एक ठोक व्यापारी दरमहा डाळ पाठवतात, भाव चढले म्हणून वजन कमी करीत नाहीत. आणि ते कट्टे खोलीपर्यंत वाहून आणणारा हमाल आपली हमाली घेत नाही, म्हणून त्याचेही नाव मी दात्यांच्या वहीत लिहितो. खानावळ चालवणाऱ्या एक बाई उन्हाळ्यात वर्षाचे तिखट करताना आमच्या वाट्याची भिवापुरी मिरचीही कांडून घेतात. वस्तुरूपाने दिलेल्या दानावर आयकरात सवलत मिळत नाही, हे व्यापाऱ्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे, तरी ते देतात. पिशवी घेणाऱ्यासोबत छायाचित्र हवे, असा आग्रह धरणारेही येतात; त्यांना आम्ही नम्रपणे चहा पाजून परत पाठवतो.

या शहराचा हात आखडता नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जागोजागी होणारे भोजनदान तू पाहिले आहेस. पितृपक्षापासून दिवाळीपर्यंत आमच्या खोलीतही पाय ठेवायला जागा नसते. अडचण येते ती जूनमध्ये. शाळेची वह्या-पुस्तके, गावाकडची पेरणी, बी-खत यांत देणाऱ्याचाच हात अडकलेला असतो, आणि पावसाळी हवेत सोंडे पडतात म्हणून दिवाळीचे धान्य इतके दिवस राखून ठेवता येत नाही. एका गृहस्थांजवळ मी हे सहज बोललो, तर त्यांनी वडिलांच्या नावाने पितृपक्षात दिले जाणारे दान यंदापासून जूनमध्ये आणले. तिथी सोडून दुसऱ्याच्या गरजेचा महिना धरायचा, याला किती मोठे मन लागते, हे आपल्या घरांतल्या श्राद्धपक्षाचे वळण ठाऊक असलेल्या तुला वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. पिशवी नेणारी माणसे हात जोडतात ती आमच्यासमोर, आणि आम्ही तर केवळ वाटणारे. त्यांचे आशीर्वाद ज्यांचे त्यांना पोहोचावेत, म्हणून आता मी दात्यांना स्वहस्ते पत्रे लिहू लागलो आहे: तुमची डाळ या महिन्यात सिरोंच्याच्या एका कुटुंबाकडे गेली, तुमच्या तेलावर बैहरच्या एका आजीबाईंनी नातवासाठी फोडणीचे वरण केले, एवढेच, नावे न लिहिता. व्यापाऱ्यांनी ते पत्र गल्ल्याजवळच्या काचेखाली ठेवले आहे, असे हमालाकडून कळले.

तू काही पाठवू इच्छितोस, तर दिवाळीची वाट पाहू नकोस. जुलैपर्यंत तेलाचीच ओढ असते. एक लिटरची पाकिटे बरी पडतात, पंधरा किलोचा डबा फोडून वाटणे फार कटकटीचे होते. पैसे पाठवलेस तर मी इतवारीतून ठोक भावात घेईन आणि पावती तुला पाठवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही