नाथसागरावरचे करडे पिल्लू

परभणी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या नातीला शाळेत कुरूप बदकपिलाची गोष्ट सांगितली, तेव्हापासून ती रोज रात्री तीच ऐकायला मागते. हान्स अँडरसन या डॅनिश लेखकाची १८४३ सालची ही गोष्ट मलाही लहानपणी आवडत असे. आता मात्र तिचा शेवट खटकतो. सगळ्यांनी हिणवलेले पिल्लू अखेर राजहंसाचे निघते, म्हणजे त्याची जागा अंड्यातच ठरलेली होती. ज्याचे अंडे खरोखरच बदकाचे आहे त्याने काय करायचे? चौदाव्या वर्षी ओडेन्स हे आपले गाव सोडून कोपनहेगनला गेलेल्या, जोडे शिवणाऱ्या बापाच्या मुलाने, म्हणजे अँडरसनने, असा शेवट का करावा, याचे मला नवल वाटते.

म्हणून मी तिच्यासाठी दुसरी गोष्ट लिहायला घेतली आहे. तिच्यातले पिल्लू फ्लेमिंगोचे आहे. हे पिल्लू जन्मते तेव्हा करडे-पांढरे असते, चोचही सरळ असते. चोचीला बाक पुढे येतो आणि पंखांवर गुलाबी रंग चढायला दोन-तीन वर्षे जातात. उथळ पाण्यात पायांनी गाळ ढवळायचा, मान खाली घालून चोच उलटी बुडवायची आणि पाणी गाळून शेवाळ व बारीक जीव तेवढे पोटात घ्यायचे, या रोजच्या खाण्यातूनच तो रंग येतो. कच्छच्या रणात जन्मलेले माझे पिल्लू पैठणला, जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर येते, तेव्हा त्याला हिणवणारे कोणीही नसते. सगळे गुलाबी आणि आपण तेवढे करडे, एवढेच त्याचे दुःख.

आई, एक गोष्ट तुला मुद्दाम सांगते. पिलाला भरवताना नर आणि मादी दोघेही घशातून लालसर दूध पाझरवतात आणि ते देता देता त्यांचे स्वतःचे पंख फिके पडतात. हे ऐकल्यावर तुझ्या नातीने लगेच विचारले, की मग त्यांचा रंग परत येतो का. येतो, असे मी सांगितले, आणि ते खरेही आहे.

बाबा, ही गोष्ट मला तुमच्यावरून सुचली, हे तुम्हाला रुचेल की नाही ठाऊक नाही. जायकवाडीत गाव गेल्यावर नव्या गावठाणात आपल्या घराला कित्येक वर्षे ‘धरणातले’ म्हणत, सोयरीक जुळवतानाही ते निघे. आज त्याच गावात बांधाचा तंटा झाला की दोन्हीकडचे लोक तुमच्याच ओट्यावर येऊन बसतात.

पाणी ओसरल्यावर जुन्या शिवारात तुम्ही गाळपेर करत होतात, तेव्हा कोणते पीक घेत होतात, गावाची कोणती खूण उघडी पडत असे आणि पक्षी नेमके कुठे उतरत, हे सवडीने लिहून कळवावे, कारण पिल्लू मला तिथेच उतरवायचे आहे. गोष्टीत जुन्या गावाचे नाव घालू की नको, तेही सांगावे.

आपली,
धाकटी