अण्णा, ‘ऱ्य’साठी थँक्यू

प्रिय अण्णा,

सुरुवातीलाच सांगते, यात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर वरून लाल पेन फेकून मारू नका, एकतर रात्रीचे साडेबारा झालेत आणि मी मोबाईलवर टाइप करतेय. हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण आपल्या नात्यागोत्यात आणि वाड्यात बरेच जण तुम्हाला फक्त ‘ते चुका काढणारे आजोबा’ म्हणूनच ओळखतात. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, घरी आलेली प्रत्येक लग्नपत्रिका तुम्ही आधी तपासायचात आणि मग लग्न कुणाचं आहे ते बघायचात, मावशीच्या जावेला तर तिच्या मुलाची पत्रिका दुरुस्त करून परत पाठवली होती. ती अजून बोलत नाही आपल्याशी.

पण मला आठवतो तो तुमच्या पलंगाखालचा पत्र्याचा डबा. छापखाना सुटला तेव्हा तुम्ही तिथून मूठ-दोन मूठ खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, आणले होते, जुने, झिजलेले, शिशाचे. मी दुसरीत असेन, तुम्ही एकेक खिळा माझ्या हातावर ठेवायचात आणि विचारायचात, ‘सांग कोण आहे हा?’ अक्षर उलटं, आरशातल्यासारखं. घ की ध, भ की म, पार गोंधळ व्हायचा. ‘वाचू नकोस, नुसती बघ, गाठ कुठे आहे, रेघ तुटलीय का’ असं म्हणायचात. आणि खेळून झालं की साबण लावून हात धुवायला पाठवायचात, शिसं पोटात जातं म्हणून. स्वतः मात्र चाळीस वर्षं शिशात हात घालून वर गुळाचा खडा खायचात, त्याचा उपयोग किती झाला ते देव जाणे.

पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला ती गोष्ट तर मी किती वेळा ऐकली असेल. १२ जुलै १९६१, तुम्ही तेवीस वर्षांचे, नुकते जुळारी म्हणजे खिळे जुळवणारे म्हणून लागलेले, नदीकडच्या पेठेतला तो छापखाना माणूसभर पाण्यात. पाणी उतरल्यावर लोक घरातली भांडीकुंडी शोधत होते आणि तुम्ही चौघं-पाचजण चिखलातून खिळे वेचत होतात, बादलीत धुवायचे, फडक्यावर वाळत घालायचे आणि मग एकेक ओळखून परत त्याच्या घरात टाकायचा. मराठीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणाखणांच्या पेटीत, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरं. किती दिवस लागले विचारलं की तुम्ही नेहमी वेगळा आकडा सांगायचात, कधी वीस दिवस कधी दीड महिना, पण पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, ‘आणि एवढं धुऊन पुसून ठेवलं तर पुढच्याच वर्षी नवे नियम आले!’ १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम. ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार गेले, नांवचं नाव झालं, कांहींचं काही झालं, पांचचं पाच. पुरातून वाचवलेल्या टिंबांना सरकारने घरी बसवलं म्हणायचात आणि स्वतःच हसायचात, आम्हाला तेव्हा जोक कळायचाही नाही.

आता मुख्य आभार. कॉम्प्युटरने तुमचं काम खाल्लं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लावणं आलं, मालकांनी केसेस भंगारात किलोवर विकल्या, तुम्ही तो विषय निघाला की उठून गॅलरीत जायचात. आणि तरी २००३ च्या सुट्टीत, माझी दहावी झाल्यावर, बाबा म्हणत होते एवढी फी कशाला, तर तुम्ही तुमच्या पेन्शनमधून पैसे काढून मला एमएस-सीआयटीला, कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलंत. पहिल्या दिवशी सोडायला आलात ते थेट आत. त्या सरांना विचारलंत, ‘यात ऱ्य कसा काढायचा?’ सरांनी ‘र्य’ काढून दाखवला. तुम्ही म्हणालात, ‘हा आचार्यांचा झाला, मला आचाऱ्यांचा पाहिजे.’ अख्खा क्लास हसला, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सरांना काही तो शेवटपर्यंत सापडला नाही. घरी येताना मी तुमच्याशी बोलले नाही, सायकल हातात धरून पुढे पुढे चालत होते आणि तुम्ही मागून, ‘अगं पण असेलच ना कुठेतरी, शोध की तू.’

सॉरी अण्णा, त्या दिवसाबद्दल.

शोधायला सहा-सात वर्षं लागली. नोकरी लागली ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, एका अ‍ॅपचं मराठी माझ्याकडे आलं आणि पहिल्याच स्क्रीनवर ‘दुसर्या’ आणि ‘तुमच्या सार्या’. बग टाकला, म्हणजे चूक नोंदवली. हैदराबादचा डेव्हलपर म्हणाला दोन्ही सेमच तर दिसतंय. मग त्याला तुमची आचार्य-आचारी गोष्ट इंग्रजीतून सांगितली, की एका वाक्यात तुम्ही गुरुजींना जेवायला बोलावताय आणि दुसऱ्यात स्वयंपाक्याला, तो पाच मिनिटं हसत होता आणि संध्याकाळपर्यंत फिक्स आला. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, पाय मोडायचा, पुढे य. एवढंच होतं. घरी येऊन तुम्हाला दाखवलं तर तुम्ही भिंग लावून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, ‘रेघ जरा बारीक आहे.’ बस. शाबास वगैरे काही नाही. पण दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं की नातीने ऱ्य काढला.

आता महिना झाला तुम्हाला जाऊन. निधनाची पत्रकं छापायची म्हणून मी चौकातल्या डीटीपीवाल्याकडे गेले होते, त्याने मजकूर लावला, मी स्क्रीनवर बघितलं तर ‘दु:खद’मध्ये विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन. म्हटलं हे बदल. तो म्हणाला, ‘ताई, दिसतं सेमच, आत्ता कोण बघतंय?’

मी खुर्ची ओढून तिथेच बसले आणि बदलून घेतला. ‘दुःखद’. दुसरं प्रूफही काढायला लावलं, त्यात तुमच्या वयाचा आकडा चुकला होता.

तुमची,
ठमी