अकरा वेळा ‘मी का तो?’

लाइपझिग, शनिवार पहाट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

काल गुड फ्रायडे होता. इथल्या थॉमस चर्चमध्ये जर्मन संगीतकार बाखचं ‘मॅथ्यू पॅशन’ ऐकून आलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून उठून लिहायला बसलोय. फोनवर हे मला बोलता आलं नसतं.

पॅशन म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांची, अटक, खटला, क्रूस आणि दफन यांची गाऊन सांगितलेली कथा. बाख १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत या चर्चचं संगीत सांभाळत होता आणि हे पॅशन त्यानं पहिल्यांदा इथेच, ११ एप्रिल १७२७ च्या गुड फ्रायडेला केलं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. वेदीजवळ जमिनीत त्याची कबर आहे. साधी ब्राँझची पाटी, वर फुलं. गाणारी मुलं ज्या गायकवृंदातली, तो १२१२ पासून चालत आलाय. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीपासून! साथीला गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा. माझी जागा खांबाआड आणि गाणारे वरच्या सज्जात, त्यामुळे जवळजवळ तीन तास मला एकही गायक दिसला नाही. आधी हळहळलो, मग ते विसरूनच गेलो.

सुरुवातीला खर्जात एकच सूर, जड पावलं पडावीत तसा पडत राहतो. त्यावर दोन वृंद समोरासमोर. एक म्हणतो, ‘पाहा!’ दुसरा विचारतो, ‘कुणाला?’ ‘पाहा!’ ‘कसा?’ आणि हा कल्लोळ चाललेला असताना वरून मुलांचे आवाज एक जुनं भजन संथपणे गाऊ लागतात. माझ्या अंगावर काटा आला.

पुढे मला सारखे तुझे आबा आठवत होते. एक गायक बायबलमधल्या मत्तयाच्या, म्हणजे मॅथ्यूच्या, शुभवर्तमानातली कथा सांगत जातो, अगदी आबा रामनवमीच्या उत्सवात कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लावायचे तसा. अर्धं बोलणं, अर्धं गाणं. येशू, त्याचा शिष्य पेत्र, रोमन सुभेदार पिलात आपापलं बोलतात. ऐन भरात कथा थांबते आणि सगळा वृंद त्या काळी चर्चमधल्या प्रत्येकाला पाठ असलेलं एखादं भजन म्हणतो. आबा थांबले की सगळं देऊळ ‘जय जय रामकृष्ण हरी’ उचलायचं, तसंच. बाखच्या काळी दोन भागांच्या मध्ये प्रवचनही व्हायचं. आपल्याला शाळेत फादर स्टीफन्सच्या ओव्या होत्या ना, मराठीच्या थोरवीच्या? त्या ज्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या, त्यातही हीच कथा आहे, ओवीत, १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलेली. आबांनी ती नक्की रंगवली असती.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणतो, तुमच्यापैकी एक जण मला धरून देणार. त्याबरोबर शिष्यांची गडबड उडते, ‘प्रभू, मी का तो?’ वृंद ‘प्रभू’ अशी हाक अकरा वेळा मारतो. बारा शिष्य, हाका अकरा. धरून देणारा यहूदा गप्प. उत्तर मिळायच्या आत कथा थांबते आणि तेच गळे अगदी हळू म्हणतात, ‘तो मीच. शिक्षा मला व्हायला हवी.’

आणखी एक सांगतो. येशू बोलू लागला की दर वेळी त्याच्या शब्दांभोवती व्हायोलिनचे लांब सूर पसरतात, देवाच्या तसबिरीतल्या प्रभावळीसारखे. क्रूसावर तो ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ म्हणतो, फक्त तेव्हाच ते सूर नसतात.

पण माझी झोप उडवली ती पेत्रानं. ‘मी त्या माणसाला ओळखत नाही,’ असं तो तीनदा सांगतो, कोंबडा आरवतो, आणि तो बाहेर जाऊन रडतो. ‘रडला’ या शब्दावर निवेदकाचा आवाज वळणं घेत, फुटत जातो. मग एकटं व्हायोलिन. खाली बोटांनी छेडलेल्या तारा. गाणं पेत्राचं नाही. कथेत कुठेच नसलेली एक बाई गाते, ‘देवा, माझ्या आसवांकडे पाहून तरी दया कर.’ माझ्या शेजारी एक आजी पेन्सिलच्या खुणांनी भरलेलं स्वरलिपीचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. तोवर प्रत्येक ओळीखाली त्यांचं बोट सरकत होतं. या गाण्याला त्यांनी पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

दत्ता, गेल्या भाद्रपदात आबा गेले तेव्हा मी तुला म्हणालो की रजा मिळत नाही. काकूंनी विचारलं तेव्हा तेच. तेराव्याला पुन्हा तेच. रजा शिल्लक होती. मी मागितलीच नव्हती. ज्यांनी माझ्या हाताला धरून मला झांज वाजवायला शिकवलं, त्यांना ओट्यावर निजवलेलं पाहायची माझी छाती झाली नाही. तू एका शब्दानं बोलला नाहीस, उलट ‘जपून राहा’ म्हणालास. ते काल त्या व्हायोलिनबरोबर सगळं वर आलं.

शेवटी दोन्ही वृंद कबरीपाशी बसून अंगाई म्हणतात, ‘शांत नीज’. अगदी अखेरीस वरचा सूर शुद्ध निषादावर अडतो, खाली सगळे षड्जावर येऊन थांबलेले. बोचतं ते. मग तोही सा वर टेकतो. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. बाकांची करकर, कोटांची सळसळ, आणि माणसं बाहेर पडली.

मी मे महिन्यात येतोय. रजा मागितलीय, तिकीटही काढलंय. काकूंना हे पत्र वाचून दाखव, मी आल्यावर स्वतः बोलेनच. आबांची झांज कुणाला दिली नसशील तर ठेव. आणि स्टँडवर न्यायला येऊ नकोस, मी देवळावरून चालत येईन.

तुझा,
संजू