हरणारा मास्तर

लॉरेन्स, कॅन्सस

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "त्या चेंडूच्या खेळाचं एवढं काय खूळ आहे गं तिथे?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. म्हटलं, लिहूनच कळवावं. तसंही बाबांना हल्ली फोनवरचं अर्धं ऐकू येत नाही, हे ते कबूल करत नसले तरी.

माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर ॲलन फील्डहाउस आहे, म्हणजे आमच्या कॅन्सस विद्यापीठाचं बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान. 1955 सालची दगडी इमारत, बाहेरून थेट धान्याच्या गोदामासारखी. आत पंधरा हजारांहून जास्त माणसं बसतात आणि विद्यापीठाचा सामना असला की कानठळ्या बसतात. पाहुण्या संघाची नावं पुकारली जाताना पोरं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून वाचल्याचं सोंग करतात, नंतर त्याचे कपटे करून उधळतात. आई, "हे झाडायचं कोणी?" असं तू म्हणणार, म्हणून मीच आधी म्हणून टाकते.

ती इमारत ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव नेस्मिथ ड्राइव्ह. हा जेम्स नेस्मिथ म्हणजे ज्याने बास्केटबॉल काढला तोच. बाबा, तो तुमच्यासारखा पी.टी.चा मास्तर! 1891 चा डिसेंबर, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची वायएमसीएची (ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेची) शाळा, बाहेर कडाक्याची थंडी आणि व्यायामशाळेत कंटाळलेली वांड पोरं. त्यांना गुंतवायला त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या मिळाल्या. त्याच सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि 13 नियम लिहून भिंतीवर लावले. चेंडू घेऊन पळायचं नाही, धक्काबुक्की करायची नाही, असे.

1898 मध्ये तो इथे आला, व्यायाम शिकवायला आणि विद्यापीठातली प्रार्थना सांभाळायला. त्यानेच इथला संघ उभा केला. नऊ वर्षांत 55 सामने जिंकले, 60 हरले. इथल्या आजवरच्या प्रशिक्षकांत जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला हा एकटाच, खेळाचा जन्मदाता! हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत मोठ्याने हसले आणि लगेच तुमची खो-खोची मुलं आठवली. तालुक्याच्या पुढे ती कधी गेली नाहीत, आणि तुम्ही घरी येऊन निवांत चहा प्यायचात. आईच चिडायची.

त्याचा शिष्य फॉग ॲलन. प्रशिक्षक व्हायला निघाला तेव्हा नेस्मिथ त्याला म्हणाला म्हणे, की हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. शिष्याने ऐकलं नाही. 39 हंगामांत 590 सामने जिंकले, 1952 चं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. फील्डहाउसला नाव त्याचंच.

पण मला सगळ्यात लागून राहिला तो जॉन मॅक्लेंडन. 1933 मध्ये इथे शिकायला आला. काळा म्हणून विद्यापीठाच्या संघात त्याला खेळू दिलं नाही. नेस्मिथने मात्र त्याला आपला विद्यार्थी मानलं, खेळ समजावून दिला. पुढे त्याच मॅक्लेंडनने टेनेसीतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजला 1957 ते 1959 लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. ज्याला इथे मैदानात उतरू दिलं नाही, त्याच्याबद्दल मी विजयाच्या फलकांकडे पाहताना हटकून विचार करते.

बाकी जय-पराजय पुष्कळ. 1957 च्या अंतिम सामन्यात विल्ट चेंबरलेनसारखा सात फुटी गडी असूनही तीन जादा डावांनंतर आमचे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून 54-53 असे हरले. म्हातारे लोक अजून हळहळतात. 2022 मध्ये पुन्हा तोच नॉर्थ कॅरोलायना, मध्यंतराला 15 गुणांनी मागे, आणि शेवटी आमचे 72-69 असे जिंकले. त्याआधी 1988 आणि 2008 ची विजेतेपदं आहेतच.

ते 13 नियम टाइप केलेले दोन कागद. 2010 मध्ये लिलावात विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने 43 लाख डॉलरना घेतले. आता फील्डहाउसला लागूनच काचेत ठेवलेत. शनिवारी बघून आले. पेनाने केलेल्या दुरुस्त्याही दिसतात.

म्हणून, आई, दिवाळीच्या आवराआवरीत बाबांच्या खो-खोच्या वह्या रद्दीवाल्याला देणार होतीस, त्या देऊ नकोस. मी मे महिन्यात येतेय. तोवर माळ्यावर राहू दे. बाबा, त्या निळ्या वहीत पाठलागाच्या आकृत्या तुम्ही काढल्या होत्या की मुलांनी?

तुमची,
मनू

ता. क. स्वेटर मिळाला. बाह्या आखूड आहेत, पण घालते.