शाळेच्या रोइंग टीमसाठी हाक: पैसे तर हवे आहेतच, पण आधी माळ्यावरचे जुने फोटो शोधा

नमस्कार मंडळी,

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपतर्फे लिहितोय, जरा मोठं झालंय, चहा घेऊन बसा हवं तर. विषय आपली बोट.

नव्या बॅचवाल्यांना कदाचित माहीतही नसेल की पेठेतल्या आपल्या मराठी शाळेची रोइंगची टीम आहे. हो, पुण्यात. क्रिकेट, खोखो, मल्लखांब सगळ्यांना माहीत, पण आठवी ते दहावीची पोरं पहाटे साडेपाचला सायकली हाणत नदीवर जातात आणि सात वाजता ओल्या चपलांनी वर्गात येतात हे शेजारच्या बिल्डिंगमधल्यांनाही ठाऊक नसतं. पेपरवाले त्याला नौकानयन म्हणतात, आम्ही आपलं "बोटिंगला जातो" म्हणायचो आणि घरच्यांना वाटायचं पोरगा कुठल्यातरी बागेत पेडल बोट फिरवतोय.

आता मुद्दा असा की टीमचा इतिहास लिहून काढायचाय आणि बोट दुरुस्त करायचीय, दोन्ही एकदम, कारण दोन्ही एकाच वेळी कुजायला लागलंय. आपली जुनी लाकडी फोर, म्हणजे चौघं वल्हवणारे आणि पाचवा बोटीची दिशा सांभाळणारा कॉक्स, तिच्या तळाच्या दोन फळ्या गेल्यात, रिगरना, म्हणजे वल्ही टेकवायच्या बाहेरच्या दांड्यांना, गंज चढलाय, एका सीटची चाकं तर केव्हाच नाहीत. सरकती सीट नसली की नुसते हात आणि पाठ मरते, खरं काम पायांचं असतं या खेळात. तिसऱ्या नंबरवर बसणारा मुलगा अख्खा सीझन तसाच वल्हवला आणि बोलला पण नाही, शेवटी त्याच्या आईने येऊन सांगितलं की पाठ शेकून शेकून तेल संपलं.

इतिहासाचं म्हणाल तर पुण्यात बोटी आहेत त्याचं मूळ कारण बंड. बंडगार्डनचा बंधारा. तो १८५० मध्ये बांधून झाला, खर्च अडीच लाखांच्या थोडा वर आणि त्यातले पावणेदोन लाख सर जमशेदजी जीजीभॉय यांनी दिले, पुण्याला पाणी मिळावं म्हणून. बोटींचा विचार बहुतेक कोणाच्या डोक्यातही नसणार. पण पाणी अडलं, फुगवटा मागे संगमापर्यंत आला आणि नदी बारा महिने बोट घालण्याजोगी झाली, नाहीतर आपली मुळा-मुठा उन्हाळ्यात गुडघाभर. मग १८६८ ला इंग्रजांचा रॉयल कनॉट बोट क्लब आला (बोट क्लब रोड नाव त्याच्यावरूनच), आणि सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा बोट क्लब, त्यांची रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, १९२८ पासून. रात्री नदीत मशालींचा डान्स, बाणाच्या आकारात जाणाऱ्या बोटी, अख्खं पुणं काठावर! ज्यांनी लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून रेगाटा बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे बघा, देणगी मागायला लाज वाटत होती पण आपण ज्या पाण्यावर शिकलो ते पाणीच मुळात देणगीचं आहे, तेव्हा म्हटलं मागूनच टाकू.

शाळेची टीमही रेगाटामुळेच. पीटीच्या सरांनी ती बघितली आणि दुसऱ्या दिवशी हेडसरांकडे जाऊन बसले, हे आम्ही ऐकलेलं व्हर्जन. दुसरं व्हर्जन असं की शाळेच्या क्लार्कचा मेव्हणा बोटी दुरुस्त करायचा आणि त्याने ही फोर जवळजवळ भंगारात मिळवून दिली. खरं काय माहीत असलेलं कोणी असेल तर प्लीज लिहा. सगळ्यात जुन्या बॅचचे काका तर म्हणतात की त्याच्याही आधी पोरं शाळेच्या नावाने होड्या घालायची, पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि खालच्या मजल्यावरचं कपाट रजिस्टरांसकट चिखलात गेलं. त्यामुळे आपल्याकडे कागद असा नाहीच, जे आहे ते लोकांच्या डोक्यात, आणि ती डोकी आता पंचाहत्तरी ओलांडतायत, म्हणून घाई.

तिकडे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्कूलकिल नदीवर हायस्कूलच्या पोरांची स्टॉट्सबरी कप रेगाटा १९२७ पासून चालते, म्हणजे आपल्या सीओईपीच्या रेगाटाच्या एकच वर्ष आधीपासून. त्यांचे निकाल नीट लिहिलेले. आपल्याकडे पहिल्या कॉक्सचं नाव सांगता येईना. अमेरिकेशी बरोबरी करायची नाहीये हो, पण नावं तरी लिहून ठेवू.

मुलींचं पण सांगतो. मुलींना नदीवर पाठवायला शाळा फार उशिरा तयार झाली, कारण "कपडे कुठे बदलणार". ऑलिम्पिकमध्ये बायकांचं रोइंग १९७६ ला सुरू झालं, आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं हाच प्रश्न, आणि उत्तर निघालं एक जुनी ताडपत्री आणि चार बांबू. आज टीममध्ये मुली जास्त आहेत. ताडपत्री तीच.

कोणी विचारेल की मराठी शाळेतल्या पोरांना याचा उपयोग काय. त्यांना दत्तू भोकनळ सांगा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडलांबरोबर विहिरी खणायचा, २०१२ ला आर्मीत गेला आणि तिथे वल्हं हातात आलं, तोवर नाही. आधी पाण्याची भीती वाटायची. चार वर्षांत रिओ ऑलिम्पिक, सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी, तेरावा. २०१८ च्या एशियन गेम्सला चौघांच्या बोटीत गोल्ड. आपली पोरं तर आठवीपासून पाण्यात आहेत. दापोडीला सीएमईत, आर्मीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आर्मीचे रोअर सराव करतात, पोरांचा जीव तिकडे लागलेला असतो.

आता काय हवंय ते. फळ्या, रिगर आणि सीटची चाकं सगळ्यात आधी. चार नवी वल्ही. दहा लाइफ जॅकेट, आहेत त्यातल्या निम्म्यांच्या बकला तुटल्यात आणि आम्ही नाडीने बांधतो, हे लिहितानाही बरं वाटत नाही. शिवाय एक रोइंग मशीन, ज्याला सगळे अर्ग म्हणतात, सेकंडहँड चालेल, कारण जलपर्णी माजली की नदीचा हिरवा गालिचा होतो आणि बोट घालताच येत नाही, तेवढे महिने पोरं जमिनीवर राहतात आणि दम तुटतो. पाण्याच्या वासाबद्दल आणि रंगाबद्दल इथे लिहीत नाही, ती वेगळी लढाई आहे. प्रॅक्टिसनंतर मटकीची उसळ आणि अंडी, तो खर्च सध्या दोघं रिटायर्ड मास्तर खिशातून करतात, तोही त्यांच्याकडून काढून घ्यायचाय.

रक्कम कितीही चालेल. एका बकलाचे पैसे दिलेत तरी नाव वहीत लिहिलं जाईल. पैसे शाळेच्या ऑफिसात द्या, पावती घेतल्याशिवाय निघू नका, कोणाच्या पर्सनल नंबरवर पाठवू नका, माझ्या पण नाही. टॅक्समध्ये सूट मिळणार नाही, आधीच सांगितलेलं बरं. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी रविवारी सकाळी या, गंज घासायला पॉलिश पेपर आणि माणसं लागतात, सुतारकाम येणारा कोणी असेल तर त्याला डोक्यावर घेऊन नाचू.

आणि फोटो. माळ्यावरच्या ट्रंका उघडा. मेडल, सर्टिफिकेट, टीमच्या बनियनवरचं शाळेचं नाव, बसचं तिकीट, काहीही. ओरिजिनल देऊ नका, आणा, स्कॅन करून तिथल्या तिथे परत.

एक फोटो आधीच मिळालाय. काठावर चार पोरं, वल्ही उभी धरलेली, आणि पुढे चिखलात उकिडवा बसलेला एक बारका कॉक्स, डोक्यावर गांधी टोपी, तोंड फुटेस्तोवर हसतोय. पाठीमागे शाईने चौघांची नावं लिहिलीत, त्याचं नाही. कोणाच्या आजोबांसारखा दिसत असेल तर कळवा.