ॲडमिन पॅनलही तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे रोज ऐकू येते. योग्यच आहे, पण ते सगळे ग्राहकाला. ज्यांच्या हाती अख्खा सर्व्हर असतो, त्या आम्हा ॲडमिन मंडळींना कोणी काही विचारत नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या काही पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळतो, म्हणून हे पत्र.

अलीकडेच एका संस्थेचे नवे संकेतस्थळ तपासताना तक्रार अर्जात मी नावाभोवती अक्षरे ठळक करणारा साधा एचटीएमएल टॅग (वेब पानाच्या भाषेतली खूण) घातला. ॲडमिन पॅनलमध्ये, म्हणजे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याच्या खास पानांवर, तक्रारींची यादी उघडली, तर ते नाव ठळक अक्षरांत! म्हणजे कोणीही बाहेरून लिहिलेले पॅनल कोड म्हणून चालवत होते. त्या टॅगऐवजी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, असती, तर ती ॲडमिनच्याच ब्राउझरमध्ये, त्याच्याच अधिकारांनी चालली असती. इथे अवघड पासवर्डही कामाचा नाही, कारण लॉगिन आधीच झालेले असते. कंत्राटदार म्हणाला, "पॅनल तुम्हीच बघणार ना, मग काय बिघडलं?" बिघडते ते नेमके तिथेच.

वेब सर्व्हरसारखी मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनसारख्या जाणकार संस्थेलाही हा फटका बसला. एप्रिल २०१०मध्ये त्यांच्या 'जिरा' या अडचणी नोंदवण्याच्या प्रणालीत कोणी तरी एक अडचण नोंदवली, सोबत एक छोटी लिंक. काही ॲडमिननी ती उघडली, तिच्यातली स्क्रिप्ट जिराच्या पानात चालली आणि त्यांची सेशन (चालू लॉगिन) हल्लेखोरांच्या हाती गेली. जोडीला लॉगिन पानावर अंदाजाने पासवर्ड टाकून पाहण्याचा माराही चालू होता. जिराचा ताबा मिळाल्यावर हल्लेखोरांनी लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड टिपले. त्यातला एक सर्व्हरवरही तोच होता, आणि थेट रूट, म्हणजे सर्व्हरवरचे सर्वोच्च, अधिकार मिळाले. संस्थेने हे सारे स्वतःहून तपशीलवार जाहीर केले, याचा मला मनापासून आदर वाटतो.

'टॉमकॅट' या वेब सर्व्हरच्या हल्लीच्या आवृत्त्यांत मॅनेजर, म्हणजे त्याचे ॲडमिन पॅनल, मुळात त्याच मशीनवरून उघडेल असाच येतो. घरबसल्या काम व्हावे म्हणून ते बंधन काढून टाकलेले मी पाहिले आहे. कुकीला (लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदीला) एचटीटीपी-ओन्ली, म्हणजे स्क्रिप्टला ती वाचू न देणारी खूण, लावले की झाले, असेही काही जण समजतात. त्याने स्क्रिप्टकडून होणारी कुकीची चोरी टळते, पण पानात घुसलेली स्क्रिप्ट ॲडमिनच्या नावाने कामे करतच राहते. बाहेरून आलेला प्रत्येक मजकूर, अगदी लॉगमधले ब्राउझरचे नावसुद्धा, दाखवताना एस्केप झालाच पाहिजे, म्हणजे कोड म्हणून न चालता साधी अक्षरे म्हणूनच दिसला पाहिजे.

निविदेत या एस्केपची अट घालावी, पॅनल ठरावीक आयपीवरूनच (इंटरनेट पत्त्यावरूनच) उघडावे आणि वार्षिक लेखापरीक्षणात त्याची तपासणी धरावी, अशी सहकार खात्याला विनंती आहे.

– एक सर्व्हर ॲडमिन, मिरज